विमानाच्या वाटेत सांडगे

च्या घ्या आधी. गार झाला तर मला बोल लावू नका, कारण आज मी माझीच फजिती सांगणार हाय. बायकांच्या हातनं दूध उतू जातंय, भाकरी करपती. माझ्या हातनं विमान चुकलं. व्हय, आख्खं विमान!

आन मी 'आलो, गेलो' म्हटलं की हसू नका, पावणं. आमच्या कोल्हापुरात बायका असंच बोलत्यात.

आमची वस्ती विमानतळाच्या माळाला लागून. मधी नुसती निवडुंगाची वई, म्हंजे कुंपण, तिलाबी मोठं खिंडार. राजांच्या काळातली धावपट्टी, पर नव्वदीच्या सालात तिथं विमानं कमी आन म्हशी जास्त. कडंला एक पत्र्याची शेड. तिथं ग्लायडरचा क्लब. क्लब म्हंजे काय? लष्करातनं रिटायर झाल्यालं कॅप्टनसाहेब, बँकेतलं दोन क्लार्क, मंगळवार पेठेतला एक फिटर, आन दोन ग्लायडर. त्यातलं एक कायम पोट उघडून पडल्यालं.

ग्लायडर म्हंजे बिनइंजिनाचं विमान. खोटं न्हाय सांगत! माळाच्या पार त्या टोकाला जुन्या ट्रकाचं इंजिन, त्याला रहाटासारखं चाक. चाकावर तार गुंडाळत गेली की ह्या टोकाचं ग्लायडर पतंगासारखं वर! वर गेलं की तार सुटती. मग नुसता वारा आन देव.

मी कॅप्टनला लई चिडवायचो. "साहेब, इंजिन कुठं गहाण ठेवलंसा? पेट्रोलला वर्गणी काढू का वस्तीत?"

त्ये शांतपणे म्हणायचे, "मावशी, घारीनं कधी पेट्रोल भरलंय?"

जन्मात मला गप करणारा त्यो पहिला माणूस.

ह्ये कॅप्टन दर रविवारी गवतावर पांढऱ्या कापडाच्या दोन लांब पट्ट्या आंथरायचे. एक उभी, एक तिच्या डोक्यावर आडवी. कडंनं दगड. मला वाटायचं, एसटीत खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरत्यात न्हवं? तसा साहेबानं माळ धरलाय, म्हशीवाल्यांनी बळकावू न्हाय म्हणून! इचारायचं कशाला? मला सगळं कळतंयच की!

तर, चैत्रातला रविवार. मी कोहळ्याच्या सांडग्याचं घमेलं घेऊन माळावर आलो. आमच्या सुनंला, वैशालीला म्हटलं हुतं मदतीला थांब, तर तिचा राजारामपुरीत शिवणाचा क्लास. सहा महिनं क्लास चाललाय आन घरात एक झबलं शिवून आलं न्हाय! म्हटलं जाऊ दे, एकटीच घालीन.

तेवढ्यात त्या टोकाचं इंजिन गुरगुरलं, तार ताणली आन ग्लायडर उचललं. कितीदा बघितलं असंल, तरी माझं तोंड उघडंच ऱ्हायचं. केवढं धूड, आन आवाज न्हाय! नुसती सळसळ, देवळात पदर घासत बाई गेल्यागत. तार सुटली. वर एक घार फिरत हुती, तिच्याच मागनं त्येबी फिराया लागलं. घारीनं वळून बघितलं, आन सरकून जागा दिली बघा! देवाशपथ.

मी मनात म्हटलं, कुणा माऊलीचा वाघ हाय ह्यो? त्याच्या आईचं दूध काय असंल!

मग लागलो कामाला. जुनेराची घडी सोडणार, तर समोर साहेबाचं कापड. धुतल्यालं, ताणल्यालं, ऊन खात पडल्यालं. त्याच्यावर काय सोनं वाळणार हाय? पर आडवी पट्टी पडली गाडीवाटंच्या अंगाला, धुरळा यायचा. म्हणून काय केलं, ती उचलली आन उभ्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकली. दगड ठेवलं. आन सांडगं घातलं, अगदी ओळीनं, लग्नाच्या पंगतीवानी!

निम्मं घमेलं झालं, आन कॅप्टनची जीप बोंबलत आली. साहेब उभं राहून हात हालवाया लागलेलं.

"कापड कुणी फिरवलं? कुणी फिरवलं कापड?"

"का वो? चार सांडगं तर..."

"अहो मावशी, वरच्या माणसाला वारा दिसत नाही! हे कापड बघून ठरवतात कुठल्या बाजूनं उतरायचं. तुम्ही उलटं केलंत! आज पहिल्यांदाच एकटं सोडलंय वर. एकट्यानं नीट उतरलं तरच पुढं शिकवणार, अशी अट घातलीय मी!"

माझ्या हातातलं घमेलं पडलं. दोघांनी पट्टी उचलली, पर उशीर झाला हुता. ग्लायडर वळून उलट्या अंगानं खाली येत हुतं. इंजिन न्हाय, की पुन्हा वर जावं! पाठीवर वारा घेऊन टेकलं, आन थांबतंय कुठलं? माळ सरला, वईच्या खिंडारातनं नाक आत शिरलं, आन माझ्या शेणींच्या हुडवीत घुसून थांबलं. हुडवी म्हंजे शेणी, तुमच्या गोवऱ्या वो, रचून केल्यालं घरच की. वर्साचं जळण!

मी पळालो. अंबाबाईला खणनारळ बोललो. म्हटलं, कुणाचं लेकरू माझ्यापायी गेलं!

वरची काच उघडली. शेणीचा भुगा झटकत माणूस उभं ऱ्हायलं.

आमची वैशाली!

"आत्या," ती म्हणाली, "मी सांगणारच हुतो."

"ह्यो शिवणाचा क्लास व्हय गं?"

तोवर कॅप्टन आले. धडकी बसली हुती, त्याचा राग सुनंवर. "वाऱ्याच्या दिशेनं उतरतेस? अट माहीत होती ना? बंद! आजपासून तुझं उडणं बंद!"

"सर, कापडावर तसंच हुतं. वारा बदलला असंल म्हणून तुमीच बदललं असंल, असं वाटलं मला. तुमीच म्हणता, वर गेल्यावर कापडाचंच ऐकायचं."

पोरीच्या डोळ्यात पाणी तरारलं. कापड कुणी फिरवलं ते साहेबाला ठावं हुतं, पर समद्यांसमोर त्यांनी माझं नाव घेतलं न्हाय. माझी अब्रू माझ्यावरच सोडली. पावणं, खरं सांगतो, पापी इचार आला. गप बसलो तर सून चुलीपाशी परत येती, वस्तीत माझं हसंबी हुईत न्हाय. पर मघाशी घारीनं जिला जागा दिली, तिला मी जागा देऊ नये?

म्हटलं, "साहेब, ती नीट उतरली. चुकली ती सासू. कापड मी फिरवलं, सांडग्यासाठनं."

मंगळवार पेठेचा फिटर पोट धरून खाली बसला. कॅप्टन मातूर हसले न्हाईत. म्हणाले, "वैशाली पास. मावशी नापास. आता दर रविवारी वारा बघून कापड तुम्हीच घालायचं. कळू दे त्याचं वजन."

आन घातलं की! शाळेत मला एक अक्षर धड काढता आलं न्हाय, पर इंग्रजी 'टी' मी माळावर वर्सानुवर्सं काढला, दोन हजार साल उलटून क्लब बंद पडंपतूर. आता तिथं तारेचं कुंपण, मोठी विमानं. आवाजच आवाज. घार फिरकत न्हाय.

वैशालीला अजून कुणी ना कुणी इचारतंय, तुला ह्ये उडायचं कुणी शिकवलं गं?

ती माझ्याकडं बघती आन म्हणती, "चढवलं कॅप्टनसरांनी. उतरवलं आमच्या आत्यांनी, शेणीत!"