हमीपत्रावरची सही

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, रविवारच्या बैठकीतल्या मित्रांजवळ नाही, आणि इंदूताईंजवळ तर नाहीच नाही. तुमच्याजवळ बोलते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही... नाही, तेही खरं कारण नव्हे. बोलते आहे, एवढंच.

आधी मी कशी आहे ते सांगते. आमचं घर परळच्या चाळीत. वडील कामगार संघटनेचे कार्यकर्ते, त्यामुळे घरात पत्रकांचे गठ्ठे. माझ्या भूगोलाच्या वहीला कव्हर होतं ‘लढा तीव्र करा!’ आणि गणिताच्या वहीला ‘आता माघार नाही!’ गणितात मी दरवर्षी माघार घेतली, पण ती भाषा अंगात मुरली. आजही मी वाण्याची यादी लिहिली तरी साबुदाण्यापुढे उद्गारचिन्ह पडतं.

सत्ताविसाव्या वर्षी मी एक पत्रक काढलं. सोळा पानी, ‘बक्षिसांचा इतिहास’. पेशवे विद्वानांना दक्षिणा वाटत, इंग्रजांनी तीच दक्षिणा वळवून मराठी पुस्तकांना बक्षिसं लावली, पुढे सरकार आलं, अकादम्या आल्या, पाठ्यवृत्त्या आल्या, शेठजींचे ट्रस्ट आले. देणारे हात बदलले, घेणाऱ्याची कंबर तेवढीच वाकलेली राहिली, असा एकूण सूर. शेवटच्या पानावर एकच पुरस्कार होता. माझे आजोबा ज्या गिरणीत राबले ती बंद पडली, मालकाच्या वारसांनी तिथे टॉवर उभा केला आणि मालकाच्या नावाने साहित्य-पुरस्कार सुरू केला. ‘लेखकहो, नाकारा!’ — असं मी लिहिलं. लालबागला छापून घेतलं आणि दादरच्या सभागृहांच्या दारात उभी राहून वाटलं.

त्यातला शब्द न् शब्द मला पटत होता. आजही पटतो. मग पुढचं कसं केलं मी?

वर्षभरात माझा पहिला कथासंग्रह आला. आणि डोक्यात एक विचार... विचार कसला, किडाच शिरला. नाकारायला आधी मिळायला नको का? ज्याला कुणी देतच नाही, त्याच्या नकाराला काय किंमत? आणि मिळायचा तर अर्ज करायला हवा. वाचकांना वाटतं, परीक्षक चांगलं पुस्तक शोधत वणवण फिरतात. नाही हो. लेखक स्वतः अर्ज भरतो, पाच प्रती जोडतो, दोन फोटो चिकटवतो आणि पुढे ‘अनपेक्षित’ सन्मानाने गहिवरतो.

मी मास्क लावून त्या टॉवरमध्ये गेले. ट्रस्टचे एक कारकून होते, त्यांनी अर्ज चाळला, चष्मा वर केला.

“पत्रकवाल्या मॅडम ना तुम्ही? छान लिहिता हं. साहेबांनी फाइलला लावून घेतलंय.”

मग त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. हमीपत्र. ‘पुरस्कार जाहीर झाल्यास तो स्वीकारीन, नाकारणार नाही.’

“हे यंदापासून सुरू केलंय,” ते म्हणाले. “तुमच्या पत्रकामुळेच.”

मी सही केली. स्वच्छ, पूर्ण नावाची.

घरी येऊन मी नकाराचं भाषण लिहिलं. आरशासमोर पाठ केलं. इतकं सुंदर भाषण मी पुन्हा लिहू शकलेले नाही.

पुरस्कार मिळाला इंदूताईंना.

इंदूताई म्हणजे आम्हा लिहिणाऱ्यांच्या रविवारच्या बैठकीतल्या सगळ्यात मोठ्या. वय त्रेसष्ट. परळच्या एका हॉस्पिटलात जन्मभर सिस्टर म्हणून काम केलं आणि निवृत्तीनंतर त्या दिवसांवर एक पुस्तक लिहिलं, ‘भेटीची वेळ चार ते सहा’. ते माझ्या पुस्तकापेक्षा चांगलं होतं. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली.

त्या पुरस्काराचं पत्र घेऊन माझ्या घरी आल्या. “मुक्ता, तुला न विचारता अर्ज केला गं. रागावू नकोस. तुझं पत्रक वाचून लाज वाटत होती, पण वॉर्डातल्या सगळ्या जणी ड्युट्या बदलून येणार म्हणतायत. पहिली रांग धरणार म्हणे. मी काय करू?”

काय सांगायला हवं होतं? ‘जा, घ्या’ एवढंच. मी काय सांगितलं? तत्त्व सांगितलं. आजोबांचा घाम मधे आणला. सोळाच्या सोळा पानं बोलले. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा फाइलमधून ते भाषण काढून त्यांच्या हातात ठेवलं.

तत्त्वासाठी नाही. मला मिळाला नाही म्हणून. मला नाही तर त्यांनाही नको, म्हणून. हेच ते. हेच सांगायचं होतं.

इंदूताईंनी आयुष्यभर डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध थेंबभरही इकडेतिकडे न करता दिलं होतं. माझं भाषणही तसंच दिलं. दादरच्या भरल्या सभागृहात, नव्या जरीकाठी साडीत, माइकसमोर उभ्या राहून त्यांनी ठणठणीत आवाजात वाचलं, “वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, नुकती लिहू लागलेली मी...”

पहिल्या रांगेतून एक सिस्टर ओरडली, “इंदे, अठ्ठावीस?”

सभागृह हसलं. इंदूताई थांबल्या नाहीत. “माझे आजोबा याच गिरणीत राबले,” हेही त्यांनी वाचलं. त्यांचे आजोबा साताऱ्याकडचे, गिरणीचा भोंगाही न ऐकलेले. हमीपत्रावर त्यांचीही सही होती, तरी शाल घेतली नाही, नारळ घेतला नाही. खाली उतरल्या. पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या, पण आपण नक्की कशासाठी आलो होतो, हे न कळल्यासारख्या.

दारात कारकून भेटले. “मॅडम, तुमच्या अर्जावर वय अठ्ठावीसच आहे ना?” आणि हळूच, “आता नियमाप्रमाणे दुसरा क्रमांक. म्हणजे तुम्ही. कळवा.”

तुम्हाला वाटेल, मी तिथल्या तिथे नाही म्हटलं.

मी विचार करायला दोन दिवस मागितले.

दुसऱ्याच दिवशी ट्रस्टने त्या वर्षीचा पुरस्कार रद्द केला. म्हणजे नाकारण्याची संधीही गेली आणि घेण्याचीही. त्यातलं नक्की कशाचं वाईट वाटलं, ते मी अजून स्वतःलाही विचारलेलं नाही.

इंदूताईंनी पुढे काही लिहिलं नाही. पुरस्काराचं पत्र मात्र लॅमिनेट करून कपाटाच्या दाराला आतून लावलंय. बैठकीत कुणी नवीन आलं की त्या माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, “हिने मला ताठ उभं राहायला शिकवलं.”

गेल्या रविवारी त्या शंकरपाळ्यांचा डबा पुढे करत म्हणाल्या, “तू तेव्हा अर्ज केला असतास ना, तर तुलाच मिळाला असता गं.”

“मी असल्या ठिकाणी अर्ज करत नाही, इंदूताई,” मी म्हटलं. आणि मूठभर शंकरपाळे घेतले.