पेटीचं हजेरीबुक

पेटीत बिघाड नव्हता. दोनदा उघडली, दोनदा बंद केली. समोर स्टुलावर इंद्रवेल्लीकडचे एक गुरुजी बसलेले, बाजूला त्यांची दहा वर्षांची सुजाता. आदिलाबादेत माझं हार्मोनियम रिपेअरिंगचं दुकान होतं तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा आम्ही आंध्रात होतो.

"बिघाड असंलच," गुरुजी म्हणाले. "पोरगी वाजवूनच नाही राह्यली. म्हणते, बोटं दुखतेत. भीमजयंतीले पेटीवर माह्या बापाच्या जागेवर हिलेच बसवतो म्हणून साऱ्या गावाले सांगून बसलो. तुमच्यानं नाही झालं तर निर्मलचं एक गिऱ्हाईक हाये. देऊन टाकतो पेटी."

सुजाताचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं पेटीच्या कोपऱ्यावर हात ठेवला, तो काही उचलला नाही. मला गुरुजींचा रागच आला.

आता पेटी कशी असते ते सांगतो. भाता हवा भरतो. पट्टी दाबली की ती हवा पितळी जिभेवरून जाते अन् जीभ थरथरून वाजते. त्या जिभेला आम्ही सूर म्हणतो. पेटी रोज वाजत असेल तर मधल्या सुरांवर धूळ टिकत नाही. या पेटीच्या मधल्या पट्ट्या सुजाताच्या आजोबांच्या बोटांनी खोलगट झाल्या होत्या, पण खाली सगळ्या सुरांवर सारखी धूळ.

"रियाज कसा घेता गुरुजी?"

त्यांनी पिशवीतून चक्क हजेरीबुक काढलं. शाळेचंच, रेघा मारलेलं. सुजाताच्या नावापुढं तारखा, अन् लाल शाईत गैरहजर, गैरहजर.

"अन् तिच्या रियाजाच्या टायमाले तुमी काय करता?"

"आमी? बाजूच्या खोलीत पेपर तपासतो."

"तुमाले येते का वाजवता?"

"बाबा शिकवत. मंग सुटलं. आता कुठं टाइम हाये?"

मनात म्हटलं, घ्या! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण गिऱ्हाइकाला, त्यातून मास्तराला, असं तोंडावर बोलता येत नाही. मी धूळ झाडली, झाकण लावलं अन् धंद्यात पहिल्यांदाच खोटं बोललो.

"गुरुजी, भाता कडक हाये. महिनाभर रोज संध्याकाळी अर्धा तास मोठ्या माणसानं वाजवा लागंल. लेकराचा हात लागला तर गॅरंटी नाही."

"मी हातच नाही लावाचा?" सुजाता.

"अजिबात नाही."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पेचकस शोधायला लागलो.

जयंती झाल्यावर एक दिवस गुरुजी एकटेच आरटीसीच्या बसनं आले. दारातूनच म्हणाले, "जयभीम! तुमची गॅरंटी गेली."

"काऊन?"

"आठवडाभर मी एकटाच बडवत होतो. रोज तिथंच चुकाचो. एक दिवस पोरगी चुलीपासून ओरडली, बाबा, 'ग' चुकला! मंग जवळ येऊन बसाले लागली. अन् एक दिवस मले बाजूले सारलं न् सोताच वाजवून दाखवलं. मी म्हनलं, बाई, गॅरंटी! पोरगी म्हने, जाऊ द्या गॅरंटी."

"अन् जयंतीले?"

"बसली ना! दोन गाणे वाजवले. तिसऱ्याले हात दुखला त मले बसवलं. अख्ख्या गावासमोर!" गुरुजींचे डोळे भरून आले. मग हसत त्यांनी हजेरीबुक पुढं केलं. सुजाताच्या नावाखाली कच्च्या अक्षरात 'बाबा' लिहिलेलं, अन् त्यापुढं लाल शाईत तीन गैरहजऱ्या.

"पंचायतीच्या मिटिंगा होत्या," ते ओशाळून म्हणाले. "पोरगी आयकूनच नाही घेत."

मी पोट धरून हसलो. चहा सांगितला. चहा पिता पिता त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या पोराले तर लवकरच आली असंल पेटी? घरचाच धंदा."

माझा मुलगा वीज ऑफिसात क्लार्क. त्याला सा कुठला, प कुठला, ते आजही कळत नाही. तो लहान असताना मी रोज दुकान बंद करून घरी जायचो, रेडिओवर बातम्या लावायचो अन् त्याच्यावर खेकसायचो, बस रियाजाला. गुरुजींना मी फक्त चहा थंड होतोय म्हटलं.

दुसऱ्याच्या पेटीतली धूळ मला झाकण उघडताच दिसायची. माझ्या घरी हजेरीबुक नव्हतं तेच बरं. असतं तर सगळी लाल शाई माझ्याच नावापुढं लागली असती.