कोटातला बाबा

माझा बाबा कोट घालायचा, असं मी आयुष्यभर सांगत आलो. गुडघाभर चिखलात उभं राहून मीठ ओढणाऱ्या माणसाकडे कोट कुठून आला, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला मी ओटीवरून खाली उतरवला असता. पुरावा भिंतीवर होता. काळा कोट, डोक्याला फेटा, खुर्चीच्या हातावर ठेवलेला हात आणि टोकाला वर वळलेली मिशी. मी चालायला लागलो त्या सुमारास बाबा तापानं गेला. मला ठाऊक आहे तो बाबा एवढाच.

मला मिसरूड फुटलं तेव्हापासून मी मिशी तशीच ठेवली. गावात नवा न्हावी आला की त्याला घरी आणायचो, फोटोसमोर उभा करायचो आणि सांगायचो, "अशी." लोक म्हणायचे, बापावर गेलाय. मी छाती काढून चालायचो. बायको म्हणायची, "मिशी काय कुनीपन ठेवील. त्यात बापाचं काय?" असल्या बोलण्याला मी उत्तर देत नाही.

पाडव्याला त्या फोटोला हार मीच घालायचा, लहानपणापासून. आई हार ओवून माझ्या हातात द्यायची आणि स्वतः दाराशी उभी राहायची. त्या फोटोसमोरून जाताना तिचा डोक्यावरचा पदर आणखी पुढे यायचा. त्याच्यासमोर ती कधी बसली नाही. मी म्हणायचो, काय मान राखते नवऱ्याचा.

मग ते वादळ आलं. दिवेआगरच्या वाड्या ज्यात आडव्या झाल्या, तेच. आमचीही कौलं उडाली आणि पाणी फ्रेमच्या मागून आत शिरलं. तेव्हा पुसून परत टांगला, पण डाग काही थांबला नाही. वर्षावर्षाला वर चढत तो कोटाच्या गळ्याशी आला. सून म्हणाली, "बाबा, आता नाही केलं तर चेहरा जाईल." म्हणून दोघं पेणला एका स्टुडिओत गेलो.

स्टुडिओवाल्यानं फोटो फ्रेममधून काढला, दिव्याखाली धरला आणि म्हणाला, "आजोबा, हे दोन फोटो आहेत."

"दोन कुठं? एकच तर आनलाय."

"तसं नाही. धड एकाचं आहे, डोकं दुसऱ्याचं. ही बघा मानेवर कात्रीची रेघ. वरून रंग मारलाय. माणूस गेला आणि फोटो नसला की जुने स्टुडिओवाले असं करायचे. चार जणांच्या फोटोतून डोकं कापायचं आणि तयार कोटावर चिकटवायचं. हा कोट तर मी पुष्कळ घरांत बघितलाय."

"माझ्या बापाला चिकटवलाय म्हनतोस?"

मी फोटो उचलला आणि पायऱ्या उतरलो. मागे सून त्याची समजूत घालत राहिली.

रिक्षात सून मागून येऊन बसली. तीच म्हणाली, "बाबा, कोट उसना असला तरी डोकं तर त्यांचंच ना? मग ते कुठून कापलं ते शोधू. अख्खा फोटो सापडला तर हातपायसुद्धा दिसतील."

हे मला पटलं. हातपाय. बापाचे पाय मी कधी बघितले नव्हते.

आई सांगायची ते मला आठवलं. मी पाळण्यात असताना उधाणाच्या भरतीनं खाडीचा बांध फुटला होता. बांधाला असं भगदाड पडतं त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड बुजली नाही तर खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि पुढची काही वर्षं तिथे दाणा पिकत नाही. गावातल्या पुरुषांनी ती एका ओहोटीत बुजवली, म्हणून पेपरवाला फोटो काढायला आला. त्याची एक प्रत मुकादमाकडे होती. तीच पुढे आईनं मागून घेतली.

अलिबागला एका वाचनालयात जुन्या साप्ताहिकांचे बांधलेले गठ्ठे आहेत. सून सुट्टीच्या दिवशी मला तिथे नेऊ लागली. मी चौथी नापास. अक्षराला अक्षर लावत वाचतो, पण एकदा वाचलं की विसरत नाही. आणि त्या पेपरांत काय काय होतं! रेवसच्या लाँचचं वेळापत्रक होतं. कुणाची म्हैस हरवली होती, एक शिंग वाकडं. एका गृहस्थानं छापून आणलं होतं की आपला मुलाशी काही संबंध उरलेला नाही. पुढच्या अंकात त्याच मुलाच्या लग्नाचं आमंत्रण. मी सगळं वाचत बसायचो.

"बाबा, आपल्याला फोटो शोधायचाय, म्हैस नाही," सून म्हणायची.

"सापडली का ते तरी बघू दे."

म्हैस नाही सापडली. फोटो सापडला.

तळहाताएवढा फोटो. बांधावर ओळीनं उभी माणसं, लंगोटीवर, अंगाला वाळलेला चिखल. मधोमध छत्री घेतलेला मुकादम. आणि त्याच्या एका बाजूला, फावडं बंदुकीसारखं खांद्याला लावून, ताठ, मिशीची टोकं वर.

"हा बघ बाबा!" मी एवढ्या मोठ्यानं बोललो की चार माना वळल्या.

सून पानावर वाकली. ती फोटोखालची ओळ वाचत होती. मग हळूच म्हणाली, "बाबा, खाली नावं आहेत. डावीकडून."

मी बोट ठेवत वाचत गेलो. मिशीवाल्यापाशी माझ्या काकाचं नाव आलं. काका म्हणजे बाबाचा थोरला चुलतभाऊ, शेजारच्या घरातला. माझ्या बापाचं नाव मुकादमाच्या दुसऱ्या बाजूच्या माणसाखाली होतं. बुटका, मिशी नाही, तोंड उघडं. फोटो निघतानाच त्यानं मान हलवलेली, त्यामुळे चेहरा ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा.

"नावं उलटी छापली," मी म्हणालो. "पेपरवाला काय आमच्या गावचा व्हता?"

एसटीत बसल्यावरही मी तेच म्हणत होतो. सून हो हो करत होती. कुणी माझं म्हणणं एवढ्या लवकर कबूल केलं की मला संशय येतो.

घरी येऊन फोटो जागेवर टांगला आणि समोर बसलो. आईचा तो पुढे येणारा पदर आठवला. आमच्यात बाई नवऱ्यासमोर एवढा पदर घेत नाही. थोरल्या दिरासमोर घेते. त्याच्यासमोर ती बसतही नाही.

आता खरं सांगणारा एकच माणूस उरला होता, काकाचा मुलगा. माझ्याच वयाचा, मधे फक्त एक कुंपण. पण आमचं बोलणं बंद होतं. शिमग्याला पालखी आधी कुणाच्या दारात थांबायची यावरून वाजलं होतं, केस काळे होते तेव्हा. मान आमच्या घराचा आहे, हे मी आजही सांगतो. तेव्हापासून एकमेकांच्या दारात आम्ही गेलो ते फक्त मयताला.

दोन दिवस मी कुंपणाशी येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "जावा एकदाचं. जमीन झिजंल."

तो ओटीवर बसून सुकत घातलेल्या जवळ्यावरचे कावळे हाकत होता. मला बघून काठी खाली ठेवली.

"कोन मेलं?"

"कोन न्हाय मेलं. हा बघ." सुनेनं फोटोची मोठी प्रत काढून दिली होती, खालची नावं मी दुमडून ठेवली होती. "ह्यात तुझा बापूस कुठला?"

त्यानं चष्मा लावला. पण शोधत बसला नाही. बोट सरळ मिशीवर गेलं. "हा." मग मुकादमाच्या दुसऱ्या बाजूला. "आनि हा तुझा. बाबा सांगायचा, तुझा बापूस गप उभा ऱ्हायचाच न्हाय. मुकादमाची नक्कल करत व्हता म्हने."

मी खाली बसलो. "तुला ठाव व्हतं?"

"तुला सोडून आख्ख्या आळीला ठाव व्हतं."

त्यानं आत हाक मारून चहा सांगितला. मला विचारलं नाही. मग बोलू लागला. माझी आई तो फोटो घेऊन पेणला गेली. स्टुडिओवाल्यानं विचारलं, बाई, ह्यातला तुमचा कुठला? नवऱ्याचं नाव ती घेणार नाही. नवऱ्याकडे बोट करणार नाही. ती एवढंच बोलली, मुकादमाच्या शेजारचा. शेजारी दोघं. स्टुडिओवाल्यानं ज्याचा चेहरा साफ आला होता त्याचं डोकं कापलं.

"फ्रेम घरी आली, काकीनं बघितलं, कपाळाला हात लावला. परत द्यायला निघाली व्हती. पन तवर तू त्याला बाबा म्हनाया लागलेलास."

"मी?"

"तू. पाटावर चढून भात भरवायचास त्याला. सगळा भात काचेला. म्हनून माझ्या बापसानंच अडवली काकीला. बोलला, ऱ्हाऊ दे."

"आनि तुझी आय? जित्या नवऱ्याला हार?"

"आय रडली की. चूल पेटवली न्हाय त्या दिशी. बाबा तिला बोलला, हार पोराच्या बापसाला हाय, मला न्हाय. आनि दुसऱ्या दिशी मिशी काढून आला."

आमच्याकडे बाप गेल्यावरच मिशी काढतात. काकाचा बाप तर ओटीवर विडी ओढत बसला होता. लोक विचारायचे, कोण गेलं? काका म्हणायचा, "कोन न्हाय. उकडतंय."

त्यानं ती परत कधी वाढवली नाही. फोटोतला बाबा म्हणजे हाच, हे मला ओळखू येऊ नये म्हणून. आयुष्यात दुसरा फोटो काढू दिला नाही. मुलाच्या लग्नात फोटोवाला पुढे आला की हा भांड्यांच्या मागे.

मला माझा काका आठवतो तो गुळगुळीत ओठांचा, नंतर दात पडलेला. चिखल आला की मला खांद्यावर घेणारा. आमच्या घरी आला तर ओटीवरच बसायचा, आत यायचा नाही. एकदा, मला नुकतीच मिशी आलेली, तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं, बोटांना खोबरेल लावलं आणि माझी टोकं पिळून वर केली. "अशी," म्हणाला. "खाली पडू द्यायची न्हाय."

चहा गार झाला होता. मी तो तसाच प्यालो.

"माझ्याकडं त्याचा एक फोटू न्हाय," चुलतभाऊ म्हणाला. "पालखीचं भांडन व्हईपातूर दर पाडव्याला तुझ्याकडं येऊन बघून जायचो. तुला वाटायचं फराळाला येतो."

"चकल्या पन खायचास."

"खायचो. काकीच्या चकल्या. का न खाऊ?"

"मग भांडलो तवा का न्हाय बोललास? एक शब्द बोलला असतास तर माझी मान खाली गेली असती."

"काकीला शब्द दिल्याला," तो म्हणाला आणि कावळ्यांवर काठी उगारली.

घरी आलो. बायकोनं तोंडाकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मी फोटोसमोर उभा राहिलो. लहानपणी परीक्षेला जाताना त्याला सांगून गेलो, लग्न ठरलं तेव्हा आधी त्याला सांगितलं, पोरगा झाला तेव्हाही. ते सगळं ऐकणारा माणूस शेजारी, कुंपणापलीकडे, जाळं विणत बसलेला होता. फ्रेम तिथून काढायची म्हणजे भिंत पाडण्यासारखं वाटलं. पण ज्याच्या बापाची ती होती तो पाडव्याला रिकाम्या भिंतीकडे बघत बसत असणार, हे कळल्यावर मला जेवण गेलं नाही.

मी परत पेणला गेलो. स्टुडिओवाल्याला म्हणालो, तुझं खरं. मान वर करून न हसण्याएवढी माणुसकी त्यानं दाखवली. काकाचा फोटो त्यानं छान धुऊन दिला, डाग गेला. पेपरातला माझा बाबा मोठा करून दिला. म्हणाला, "आजोबा, कॉम्प्युटरवर चेहरा साफ करतो. कोटही घालता येईल."

"नको," मी म्हणालो. "नक्कल करतोय तो. करू दे."

चुलतभाऊ फ्रेम न्यायला आला तेव्हा टोपी काढून बराच वेळ उभा राहिला. मीच खिळ्यावरून उतरवून त्याच्या हातात दिली. त्याच खिळ्यावर माझा बाबा टांगला, उघड्या अंगाचा, चिखलाचा, तोंड उघडं. माझी बायको, जी इतकी वर्षं त्या भिंतीवरची काच पदराच्या टोकानं पुसत आली, तिनं तो पदर डोक्यावर घेतला. सासऱ्याला तिनं पहिल्यांदा बघितलं.

जाताना चुलतभाऊ उंबऱ्यात थांबला. "आता ती मिशी पन दे परत. आमच्या घरातली हाय."

"मिशी मला तुझ्या बापसानं वळवून दिलीय. तुझा काय संबंध?"

"आनि पालखी?"

"पालखी आधी माझ्या दारात."

"बघू," तो म्हणाला.

आता पाडव्याला आमच्या घरी दोन हार ओवले जातात. एक मी आमच्या भिंतीवर घालतो. दुसरा पिशवीत घालून कुंपण ओलांडतो.

"काय रं, फराळाला आलास?" तो ओटीवरूनच विचारतो.

"व्हय," मी म्हणतो आणि आत जातो.