उजव्या गालावरचा तीळ

रविवारी दुपारी दोननंतर आमच्या घरात कुणी आंघोळ करायची नाही, असा पप्पांचा कायदा होता. अंबरनाथ पूर्वेच्या त्या वन रूम किचनमध्ये बाथरूम एकच, आणि दोननंतर तिथे डार्करूम व्हायची. झरोक्याला काळा पुठ्ठा, नळाच्या वर लाल बल्ब, पाटावर फोटो धुवायच्या औषधांचे तीन ट्रे आणि स्टुलावर विठ्ठलवाडीच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेला एन्लार्जर. निगेटिव्हमधून उजेड सोडून खालच्या कागदावर मोठा फोटो पाडणारं ते यंत्र आईच्या मते तिची सवत होतं. लोक डिजिटल कॅमेरे घेऊ लागले होते, आणि पप्पा ब्लॅक अँड व्हाइटचा कागद शोधत उल्हासनगर पालथं घालत होते. तिथला सिंधी दुकानदार त्यांना बघताच म्हणायचा, "आओ साईं, आपके लिए ही रखा है. दूसरा कोई पूछता नहीं."

पप्पा कारखान्यात तपासनीस. दुसऱ्याच्या मालात चूक काढायचा त्यांना पगार मिळायचा. घरी ते तेच काम फुकट करायचे. घरात आरसा एकच, बेसिनवरचा. रोज सकाळी ऑफिसच्या घाईत मी पुढे उभी राहून वेणी घालायचे आणि ते माझ्या डोक्यावरून दाढी करायचे. आमची भांडणंसुद्धा आरशात बघूनच चालायची.

माझ्यासाठी बदलापूरचं स्थळ आलं तेव्हा फोटो आपणच काढणार, असं त्यांनी जाहीर केलं. "स्टुडिओवाला सगळ्यांना पीठ फासल्यासारखं गोरं करतो," हे कारण. आईने कपाळाला हात लावला. "अहो, लग्नाला ब्लॅक अँड व्हाइट फोटो? मुलगी गेली की काय, असं वाटेल लोकांना."

मला मात्र हे स्थळ हवंच होतं. मुलाच्या फोटोत त्याच्या शर्टाचं एक बटण भलत्याच काजात होतं, आणि ते त्याच्या घरात कुणालाच दिसलेलं नव्हतं. तेवढ्यावरच मी विरघळले होते.

पप्पांनी फोटो काढले, रविवारी दोन तास स्वतःला कोंडून घेतलं आणि ओला प्रिंट चिमट्यात धरून बाहेर आले. मला माझा एकही फोटो कधी आवडलेला नव्हता. दरवेळी कुणी दुसरीच वाकड्या तोंडाची बाई दिसायची. या फोटोत पहिल्यांदाच मी माझ्यासारखी दिसत होते.

"हाच," मी म्हणाले.

"एकदम तू," पप्पांनी मान डोलावली.

पुढच्या रविवारी मुलगा, त्याचे आईवडील आणि आत्या आली. आत्याने पर्समधून फोटो काढला. माझ्याकडे बघितलं, परत फोटोकडे. मग पोह्यांची बशी बाजूला ठेवली.

"फोटोत तीळ उजव्या गालावर आहे. हिचा तर डावीकडे. तुम्हाला दोन मुली आहेत का?"

"एकच आहे हो," आई म्हणाली. "तीच पुरे झालीय."

कुणी हसलं नाही. फोटो एकीचा पाठवायचा आणि बोहल्यावर दुसरीला उभं करायचं, असले किस्से आत्याला पाठ असावेत.

पप्पांनी फोटो हातात घेऊन निरखला. मग ते उठले, बेसिनवरचा आरसा काढून आणला आणि फोटो त्याच्यासमोर धरला. आरशात तीळ आपल्या जागी, डाव्या गालावर आला.

"निगेटिव्ह उलटी ठेवली गेली," ते म्हणाले. "चूक माझी. मुलीचा काही दोष नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. आत्या अजूनही मोजमाप घेत असल्यासारखी माझ्या गालाकडे बघत होती. तेवढ्यात मुलगाच हसला. "आत्या, जाऊ दे ना. माझ्या फोटोत बटण चुकलंय, त्यांनी काही विचारलं का?"

लग्न तिथेच ठरलं.

पाहुणे गेल्यावर मी पप्पांना धारेवर धरलं. लोकांच्या मालात केसभर वाकडं शोधता, आणि पोटच्या मुलीचा गाल बदलला तरी तुम्हाला दिसलं नाही?

ते आरसा परत खिळ्याला लावत होते. "रोज सकाळी तुला आरशातच बघतो गं," ते म्हणाले. "मला तू अशीच माहीत आहेस."

आरसा सरळ करत म्हणाले, "आता आरसा मला एकट्यालाच मिळेल."

मग खिळा नीट बसलाय का, हे ते उगाचच बराच वेळ बघत राहिले, आणि मला रडू आवरेना.