पाठ टेकून घेतलेलं माप

हौसाआत्याचा टेपपट्टीवर काडीचा विश्वास नव्हता. कुठलंही माप ती जमिनीवर पाठ टेकून घ्यायची. बाजारात चटई घ्यायची झाली तर दुकानदारासमोर ती अंथरून सरळ आडवी व्हायची आणि दोन्ही हात पसरून बघायची. मी बरोबर असले की लाजेनं अर्धी व्हायचे. तिला त्याचं काही नसे. "पट्टीला पाठ असती का?" असं वर मलाच विचारायची.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. सासर इंदापूर तालुक्यात, वरकुट्याला. उभी हयात तिनं मेंढरांमागं काढली. घोडीवर बिऱ्हाड, मुक्कामाला मेंढरांभोवती जाळीची वाघर आणि माणसं वाघरीच्या कडेला उघड्यावर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवरा गेला, चराईची रानं उसाखाली गेली, तेव्हा तिनं मेंढरं विकली आणि त्या पैशांत बसेल तेवढंच घर बांधायचं ठरवलं. तोवर आम्ही कुडाच्या खोपटात राहत होतो, निम्मी माणसं अंगणात झोपायची. मी नववीत होते, शाळेसाठी तिच्याकडे राहायचे. आत्याचं म्हणणं एकच होतं, "माझ्या घरातलं एक बी माणूस आता छपराबाहेर झोपणार न्हाय."

डाळजचे शंकरआबा गवंडी कागदावर नकाशा काढून घेऊन आले. दोन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, पुढं पडवी. आत्यानं कागद उलटासुलटा करून बघितला नि परत दिला. "आबा, कागदावर कोण झोपतंय? मला एकच लांब खोली पायजे."

आबांनी पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर रेघा आखल्या. घर एवढंसं दिसायला लागलं. आबा म्हणाले, "रेघांत बारीकच दिसतं. भिंती चढल्या की मोठं वाटंल."

"मला वाटायला नको, मावायला पायजे," आत्या म्हणाली, आणि तिनं सगळ्यांना आडवं व्हायला सांगितलं. तिची म्हातारी सासू आधी पडली. मग बाळूदादा, म्हणजे आत्याचा मुलगा. तो लोणी देवकरला कारखान्यात होता आणि त्या दिवशी त्याला सुट्टी होती. मग त्याची दोन पोरं. शालनवहिनी, बाळूदादाची बायको, आबांच्या देखत कशी झोपणार? पण आत्यापुढं कुणाचं काय चालतंय. वहिनी तोंडावर पदर ओढून ताठ पडून राहिली. मी कडेला हसत उभी होते.

"तू काय पाव्हणी हायस व्हय? हो आडवी."

मी पडले. आत्या हातात काठी घेऊन आमच्या उशाशी फिरली, प्रत्येकाला कूस बदलायला जागा सोडली आणि माझ्या पलीकडं काठी टेकवून म्हणाली, "हितं भिंत."

त्या भिंतीसाठी तिनं जिवाचं रान केलं. वीटभट्टीवर जास्त भाजून वाकड्या झालेल्या खंगर विटा स्वस्तात मिळत. त्यातली एकेक ती उलटून बघून निवडायची. सिमेंट परवडत नव्हतं म्हणून मातीतलं बांधकाम. चिखल तिनंच तुडवला, पाणी तिनंच वाहिलं. बारामतीहून जुने पत्रे आणले तेही रेघांना बेतून, एक जास्त नाही. "दमलीस का?" असं विचारलं की म्हणायची, "दमायला येळ कुठं हाय?"

भिंती पुऱ्या झाल्या त्या दुपारी आम्ही सावलीत जेवायला बसलो. वहिनी भाकरी वाढत होती. आबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "हौसाबाई, घरात माणसं किती?"

"सा."

"मला सात दिसत्यात. तुमी कुठं झोपणार?"

आत्याचा घास हातातच राहिला. माझी जागा तिनं धरली होती, स्वतःची नाही. तो ताटात ठेवून ती म्हणाली, "मेंढरं मोजताना कधी सोताला धरलं न्हाय, आबा. तशीच सवय पडली." आणि लगेच नेहमीच्या ठसक्यात, "माझं काय, मी दारात पडीन. पत्रं मोजून आणल्यात." पदर खोचून ती घमेलं उचलायला गेली. तिच्यापुरता विषय मिटला होता. बाळूदादा "पुढं बघू" असं काहीतरी पुटपुटला.

शालनवहिनीनं मात्र हात धुतले. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण सासूला उलटून बोललेली मी तिला पाहिली नव्हती. ती शेवटच्या भिंतीपाशी गेली आणि वरची वीट उपसून खाली ठेवली.

"शालन, ठिव ती जाग्यावर."

"न्हाय ठिवत, आत्याबाई. घरातलं एक बी माणूस भाईर झोपणार न्हाय म्हणला ना? मग तुमी घरातल्या न्हाय व्हय?"

आत्या ती वीट उचलायला वाकली. तेवढ्यात बाळूदादा उठला, मी उठले, म्हातारीसुद्धा विटा हातोहात घ्यायला बसली. मातीतलं बांधकाम, विटा सगळ्या शाबूत निघाल्या. वाढीव पत्र्यांत शहाबादी फरशीचे पैसे गेले आणि पुढं कितीतरी वर्षं आम्ही ती जमीन शेणानं सारवली.

भिंत उतरल्यावर आबा फक्कीची मूठ धरून उभे राहिले. "व्हा आडव्या."

आत्या टाळाटाळ करायला लागली. पाणी आणायचंय, विटा रचायच्यात. शेवटी वहिनीनंच तिला दंडाला धरून खाली बसवलं. ती पडली, आणि डोळ्यांतलं पाणी दोन्हीकडून कानांत गेलं. मेंढरं विकली त्या दिवशीही ती रडली नव्हती.

आबांनी विचारलं, "पुरतंय का?"

"पुरतंय," आत्या म्हणाली. "पर रेघ मारायची घाई करू नगा. जरा पडू द्या मला."