हात लाव गं, सिंधे!

नागुबाईला गप बसायला सांगणं म्हणजे टँकरला गळू नको म्हणणं! पण अहमदपूरच्या शिबिरात शिकवणाऱ्या सरजाबाईंनी नेमकं तेच सांगितलं. मनाच्या दुखण्यातून उठलेल्या बायांनी तशाच दुसऱ्या बाईची सोबत कशी करायची, ते तिथं शिकवत. "सल्ले द्यायचे न्हाईत. नातं जोडायचं," सरजाबाई म्हणायच्या.

दिवस तरी कसले! चौकात नवा जिल्हा मागणाऱ्यांच्या घोषणा अन् घरात तोंड धुवायला पाणी नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, नागुबाईच्या वाडीला मात्र टँकर आला तर आला.

नागुबाईनं सोबतीला निवडली गल्लीतली सिंधु. पोटातलं लेकरू गेल्यापासून तिनं उंबरा ओलांडला नव्हता. किल्लारीच्या भूकंपात नवरा गेला तेव्हा नागुबाईही अशीच भिंतीकडं तोंड करून पडली होती. आता हिला उठवायचीच, असा तिनं चंग बांधला. टँकर आला की आधी सिंधुची घागर भरायची, तिच्या रांजणात ओतायची, वर वेणीही घालून द्यायची. सिंधु "बरं" म्हणायची अन् पुन्हा भिंतीकडं वळायची. तिचा नवरा भुजंग तर तिला कायमची माहेरी धाडायच्या गोष्टी करू लागला.

शिबिरात तिनं आपली सगळी धावपळ रंगवून सांगितली. सरजाबाईंनी विचारलं, "अन् तिनं तुझ्यासाठी काय केलं?"

"ती बिचारी काय करणार?" नागुबाई फणकारली, अन् एकदम थबकली. अगं बाई! किल्लारीत शेजारची धुरपताबाई दारात आली होती ती मदत करायला थोडीच? "माझ्या लेकीला जरा धर गं, भाकर करपून राहिली," म्हणत तिनं लेकरू मांडीवर टाकलं होतं. त्या दिवशी नागुबाई उठून बसली होती!

पुढचा टँकर आला तशी तिनं घरातली सगळ्यात मोठी घागर भरली अन् कशीबशी कमरेवर घेऊन थेट सिंधुच्या दारात टेकवली. भरली घागर एकटीला डोक्यावर घेता येत नाही, हे वाडीतल्या पोरीबाळींनाही ठाऊक.

"हात लाव गं, सिंधे!"

आत सामसूम. मागून टँकरच्या रांगेतली नीलाबाई आली, "सरक, मी लावते."

"खबरदार!" नागुबाईनं डोळे वटारले. ओसरीवरचा भुजंग उठला, त्यालाही बसवला. नाहीच आली तर?

मग बांगड्या वाजल्या. उन्हानं डोळे बारीक करत सिंधु दारात आली, वाकली अन् घागरीला हात लावला. उचलताना दोघीही भिजल्या.

"येवढी मोठी घागर कशाला भरावी, आक्का? मान मोडंल की!"

जन्माची बडबडी नागुबाई, तिला शब्दच फुटेना. डोळ्यांतलं पाणी घागरीच्या पाण्यात मिसळून गालावरून वाहत होतं.

सिंधु आत गेली अन् रिकामी घागर कमरेवर घेऊन बाहेर आली.

"जाऊ नको, आक्का. भरून आणते. मग मला कोण हात लावंल?"