गोड वासाची विहीर

धोंडिराम साताऱ्याच्या सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत केमिस्ट होता. मूळचा तासगावकडच्या एका बौद्धवाड्यातला, घरातला पहिला शिकलेला. त्र्याहत्तर साली बायको बाळंतपणात गेली, बाळही गेलं. तेव्हापासून फिरतीचं काम तो मागून घ्यायचा. खोलीवर परतायची घाई करावी असं तिथं काही उरलं नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कराडपुढच्या एका गावातून तक्रार आली. हंबीररावांच्या विहिरीच्या पाण्याला गोडसर वास येतो, प्यायल्यावर डोकं गरगरतं. विहिरीच्या वरच्या अंगाला, माळावर, लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायचा डेपो होता.

हंबीरराव फौजेतून निवृत्त झालेले, थोरला मुलगा अजून सीमेवर. विहिरीच्या काठावर धोंडिराम थबकला. लहानपणी बापानं दटावून दटावून अंगात भिनवलेलं थबकणं होतं ते.

"उतरा की सायेब. थांबलासा का?" हंबीरराव म्हणाले.

तो पायऱ्या उतरला. काचेच्या बाटल्या त्यानं तोंडोतोंड भरल्या. जरा जरी हवा राहिली तरी जे शोधायचं तेच उडून जाणार होतं. आसपासच्या विहिरींचंही पाणी घेतलं.

प्रयोगशाळेत त्यानं पाण्यात पिरिडिन आणि कॉस्टिक घालून नळ्या तापवल्या. हंबीररावांच्या विहिरीचं पाणी हळूहळू गुलाबी झालं. ग्रीस धुवायच्या ट्रायक्लोर नावाच्या द्रावणाची ती खूण होती. बाकीच्या नळ्या तशाच राहिल्या.

तो डेपोवर गेला. तिथं गाड्यांचे सुटे भाग ट्रायक्लोरच्या टाकीत धुवायचे. ग्रीस खाऊन काळं झालेलं ट्रायक्लोर शेडमागच्या खड्ड्यात ओतायचे. "जमिनीत मुरतं, संपलं," तिथला सुभेदार सरळ मनानं म्हणाला. डेपोच्या मोठ्या साहेबांनी धोंडिरामचं सगळं ऐकून घेतलं, खड्ड्यापाशी जाऊन उभे राहिले आणि ओतणं त्याच दिवशी बंद केलं. गावासाठी पाण्याचा टँकरही लावून दिला.

गावाला सांगायचं काम मात्र धोंडिरामकडं आलं. चावडीत माणसं जमली, तोवर त्याचं आडनाव सगळ्यांना कळलं होतं. सरपंच लालासाहेब परवापर्यंत त्याला 'तुमी' म्हणत होते.

"घरटी एक पोरगा फौजेत हाय. फौजेनं हिरीत इख घातलं म्हनतुयास?"

"मुद्दाम कुणी घातलं नाही, आबा. खड्ड्यातलं झिरपलंय."

"आदी नुसता वास हुता," मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यो उतरला आन् इख झालं."

काही जण हसले. धोंडिरामनं हंबीररावांकडं पाहिलं. ते पायातल्या वहाणांकडं बघत बसले होते.

त्या दिवशी कुणी त्याला जेवायला थांब म्हटलं नाही. एसटीच्या थांब्यावर तो बसून होता, तेव्हा हंबीररावांची बायको अंबूबाई आली. तिच्या डोक्यावर रिकामी घागर होती.

"बाबा, कवा सुदरंल पानी?"

खोटं बोलता आलं असतं. "तुमच्या-माझ्या हयातीत नाही कदाचित," तो म्हणाला.

"मग कशाला सांगितलंस रं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. घागर सावरत ती टँकरकडं निघून गेली.

विहिरीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या गेल्या. दर मे महिन्यात धोंडिराम येई, फांद्या बाजूला सारून बाटल्या भरी आणि जाई. चहाला कुणी बोलवत नसे. साताऱ्याच्या कचेरीत दुसरीकडं बदलीचं विचारलं गेलं, तेव्हा त्यानं नको म्हटलं. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. त्या पाण्याची आठवण ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं, एवढंच.

एकोणऐंशी साली हंबीररावांच्या विहिरीच्या पाण्याचा नळीतला रंग थोडा फिका आला. त्याच वेळी खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडं, जालिंदरच्या मळ्यातली आजवर निर्मळ राहिलेल्या विहिरीचं पाणी नळीत पहिल्यांदा गुलाबी झालं. ट्रायक्लोर जमिनीखालून पुढं सरकलं होतं.

मळ्यात जालिंदरची माणसं मोटेपाशी जेवायला बसली होती. धोंडिरामला परत येताना पाहून एकानं पाण्याची घागर जवळ ओढली. तो बांधावर उभा राहिला, घाम पुसला आणि म्हणाला, "ते पाणी पिऊ नका."